विहीर आटली की गुदमरली?



वसंत व्याख्यानमाला भरवण्यासाठी आपल्या लोकांनी जे दिवस निवडले आहेत, ते विहिरीवर बोलायला मोठे सोयीचे आहेत. चैत्र संपत आलेला असतो, वैशाख तोंडावर असतो, आणि विहिरीच्या काठावरून वाकून पाहिले की पाण्याऐवजी तळ दिसतो. आमच्या आधीच्या वक्त्यांनी तुम्हाला काव्याच्या आणि इतिहासाच्या उंच जागी नेऊन बसवले. आम्ही तुम्हाला खाली उतरवणार आहोत, आणि तेही गाळात. याबद्दल क्षमा असावी.

या दिवसांत अकोटच्या बाजारात, बसथांब्यावर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी पडते. "भाऊ, इहीर आटली, आता बोअर माराच लागते." या वाक्यात दोन विधाने आहेत. पहिले निदान आणि दुसरे उपचार. दोन्ही एका दमात केली जातात, आणि मध्ये तपासणी म्हणून जी गोष्ट असायला हवी तिला जागाच नसते. घरातले माणूस बेशुद्ध पडले तर आपण आधी नाडी पाहतो, तोंडावर पाणी मारतो, डॉक्टरला बोलावतो. विहिरीच्या बाबतीत मात्र पाणी कमी झाले की थेट तिरडीचे सामान आणायचे, हा आपला रिवाज. पाणाड्या येतो, हातावर नारळ उभा राहतो, कर्ज निघते, रात्री बोअरची गाडी शेतात शिरते, आणि जुनी विहीर कचरा टाकायची जागा होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की विहिरीचे पाणी कमी होण्याला दोन अगदी वेगळी कारणे असतात. एक, भूमीतलेच पाणी खाली गेले. दोन, भूमीत पाणी आहे, पण विहिरीत शिरण्याच्या त्याच्या वाटा बुजल्या. पहिलीला आटणे म्हणावे. दुसरीला आम्ही गुदमरणे म्हणतो. आटलेल्या विहिरीवर उपाय सगळ्या शिवाराने मिळून करायचा असतो आणि तो वर्षांचा असतो. गुदमरलेल्या विहिरीवर उपाय मालकाला करता येतो आणि तो दिवसांचा असतो. हा फरक न ओळखता नवी बोअर मारली, तर पहिल्या प्रकारात आपण आटत्या साठ्याला आणखी एक भोक पाडतो, आणि दुसऱ्या प्रकारात चांगली विहीर जिवंतपणी पुरतो.

आता आपल्या भूमीकडे पाहू. उत्तरेला सातपुडा, नरनाळ्याचा डोंगर. पोपटखेड-शहानूरच्या बाजूने आपण खाली उतरू लागलो की पायथ्याशी दगडगोटे, वाळू, माती यांचा एक तिरपा पट्टा लागतो. डोंगरातून धावत आलेले नाले सपाटीवर येऊन मंदावतात आणि अंगावरचे ओझे तेथे टाकतात. हजारो वर्षांच्या या ओझ्याचा हा पट्टा. भूशास्त्रज्ञ त्याला 'बझाडा' म्हणतात. पावसाचे पाणी मुरायला यासारखी जागा नाही, म्हणून येथे विहिरी खोल असल्या तरी पाणी गोडे, आणि म्हणून संत्री, केळी. आणखी दक्षिणेला पूर्णेकडे गेलो की गाळ बारीक होत जातो, चिकणमाती वाढते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरला आहे. तेथे विहिरीला पाणी असूनही तहान भागत नाही. म्हणून तर वानच्या धरणावरून चौऱ्यांशी खेड्यांची नळयोजना करावी लागली. अकोट तालुका असा गोड्या आणि खाऱ्याच्या सीमेवर उभा आहे. आपल्याकडे गोड्या पाण्याची एक विहीर गुदमरली म्हणजे किती गेले, हे खारपाणपट्ट्यातल्या सासुरवाशिणीला विचारावे.

याच तालुक्यातल्या अकोलीला भास्कर पाटलांच्या कोरड्या विहिरीला श्रीगजानन महाराजांनी पाणी आणले, ही कथा येथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. तो कृपेचा भाग झाला. त्यावर आमच्यासारख्याने बोलू नये. पण आमच्या तुमच्या विहिरीजवळ दरसाल कोणी संत यायचे नाहीत. तेथे दोरी, घड्याळ आणि वही एवढ्यावरच भागवायला हवे.

ही तीन साधने आम्ही गमतीने सांगत नाही. विहिरीची नाडी पाहायला खरोखर एवढीच लागतात. मोटार सुरू करण्यापूर्वी, रात्रभर विश्रांती मिळालेल्या विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजावे. ही स्थिर पातळी. उघड्या विहिरीत दोरीला दगड बांधून काम होते. बोअरमध्ये दोन तारा, बॅटरी आणि छोटा मीटर यांचे उपकरण सोडतात, पाण्याला टेकताच काटा हलतो. मग मोटार सुरू करून ठरावीक वेळाने, समजा दोन तासांनी, पुन्हा पातळी मोजावी. दोहोंमधले अंतर म्हणजे पाण्याची उतार. तिसरी गोष्ट, पाणी किती येते. दोनशे लिटरचे पिंप नळीखाली ठेवून घड्याळ पाहावे. चाळीस सेकंदांत भरले तर ताशी अठरा हजार लिटर. पन्नास सेकंद लागले तर चौदा हजार चारशे. आलेल्या पाण्याला उताराने भागले की विहिरीची ताकद निघते: एक फूट पाणी खाली ओढल्याबद्दल ती ताशी किती लिटर देते.

हे आकडे नवी विहीर झाली त्या दिवशीचे असतील आणि आजचेही असतील, तर निदान आपोआप होते. स्थिर पातळी खाली गेली आहे, शेजारपाजारच्या विहिरींचीही तशीच गेली आहे, पण ताकद फारशी बदललेली नाही. तर साठा उतरला, विहीर निर्दोष आहे. स्थिर पातळी पूर्वीइतकीच, पण मोटार सुरू करताच पाणी धाडकन खाली जाते, नळातून फेस आणि हवा येऊ लागते, बंद केली की पाणी हळूहळू पूर्वपदावर येते. तर विहीर गुदमरली. आणि पातळीही ठीक, उतारही ठीक, तरी पाणी कमी. तर विहिरीला दोष देऊ नका, मोटारीचे पंखे झिजले असतील, नाहीतर पाइपाला कोठे भोक असेल. ही तिसरी शक्यता ऐकून लोक हसतात. पण मोटारीचा दोष विहिरीवर ढकलला गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, आणि शेजारी मारलेल्या नव्या बोअरमध्ये तीच झिजलेली मोटार उतरवल्याचेही पाहिले आहे.

मोजणी दरसाल एकाच महिन्यात करावी. कार्तिकातला आकडा वैशाखातल्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आणखी बारकाईने पाहायचे असेल तर पायरीपायरीने उपसा करतात. अमेरिकेतील जेकब नावाच्या जलशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये दाखवले की उताराचे दोन भाग असतात. एक भाग भूमीतून वाहण्यात खर्च होतो. उपसा दुप्पट केला तर तोही दुप्पट होतो. दुसरा भाग विहिरीच्या तोंडाशी, फटी-जाळ्यांतून घुसताना खर्च होतो. आणि उपसा दुप्पट केला की हा चौपट होतो. समजा, निरोगी विहिरीतून ताशी पाच, दहा आणि पंधरा हजार लिटर उपसले असता उतार अनुक्रमे दोन, सव्वाचार आणि साडेसहा फूट पडला. त्याच विहिरीची तोंडे बुजल्यावर तेच आकडे साडेतीन, दहा आणि वीस फूट असे येऊ शकतात. भूमी तीच, पाणी तेच, दाराशी गर्दी वाढली. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. डोंगराकडच्या काळ्या खडकातल्या बोअरमध्ये पाणी एखाद्या भेगेच्या खाली उतरले की उतार असाच एकाएकी वाढतो, आणि तेथे बुजलेले काहीच नसते. म्हणून एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नये.

आता ही दारे बुजवणारे चोर कोण ते पाहू.

पहिला चोर गाळ. उघड्या विहिरीत तो वरून येतो, काठ ढासळून येतो, आणि तळाच्या झऱ्यांवर चादर पांघरतो. पूर्वी दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची रीत होती, मोटेचा उपसाही सावकाश होता. विजेची मोटार आली आणि विहिरीत उतरण्याचे प्रयोजनच उरले नाही. कूपनलिकेत गाळ बाजूने येतो. पूर्णेच्या गाळमातीत कूपनलिका करताना फटी असलेला पाइप आणि त्याच्याभोवती खडीचे वेष्टण घालतात. फटी किती रुंद आणि खडी किती जाड, हे त्या जागची वाळू चाळून ठरवायचे असते. प्रत्यक्षात ते दुकानात कोणता पाइप शिल्लक आहे यावर ठरते. शिवाय खोदकामात वापरलेली माती आणि चिखल भिंतीला लिंपलेला राहतो. पाणी निर्मळ येईपर्यंत कॉम्प्रेसर लावून, दट्ट्याने खालीवर घुसळून नलिका धुवायला हवी. गाडीवाल्याला पुढच्या गावी जायचे असते, मालकाला पाणी दिसल्याचा आनंद झालेला असतो, आणि दोघेही तासाभरात समाधान मानतात. विहिरीच्या पुढच्या वीस वर्षांची प्रकृती त्या एका दिवशी बिघडते.

आणि मग मोटार. फटीतून शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरांच्या आत ठेवावा असा जाणत्यांचा दंडक आहे. त्याहून जोरात ओढले की पाणी बारीक रेती बरोबर घेऊन येते. पण शेतकऱ्याने सावकाश ओढावे कसे? वीज ठरावीक तासच येते, तीही पुष्कळदा रात्री. जेवढे तास तेवढ्यात सारा बगीचा भिजवायचा, म्हणून मोठी मोटार. येथे आम्ही शेतकऱ्याला बोल लावणार नाही. विहिरीला दिवसभर थोडे थोडे ओढलेले मानवते, आणि विजेचे वेळापत्रक तिला थोड्या वेळात पुष्कळ ओढायला लावते. सौरपंप आता शेतोशेती दिसू लागले आहेत. त्यांच्याविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, पण उन्हाबरोबर सावकाश चालण्याचा त्यांचा स्वभाव विहिरीच्या प्रकृतीला चांगला आहे, हे आम्ही नमूद करून ठेवतो.

दुसरा चोर चुना. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात, आणि भूमीतले पाणी ते विरघळवून घेते. ते विरघळलेले राहते ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. गोटीसोड्याची बाटली आठवा. गोटी दाबली की दाब सुटतो आणि वायू फसफसून बाहेर पडतो. पाणी विहिरीत शिरताना तेच घडते. उतार जितका जास्त तितका दाब एकाएकी कमी, वायू निसटतो, आणि आधार गेलेला चुना तेथल्या तेथे, नेमका फटींवर, दगडासारखा बसतो. मोटार वर काढली की पाइपावर पांढरे कवच दिसते. त्यावर लिंबू पिळून पाहा, बारीक बुडबुडे आले तर चोर सापडला.

हा चोर जुना आहे. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्यापासून वायव्येला बुऱ्हाणपूर आहे. तेथे अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, भूमीतले पाणी शहरात नेण्यासाठी भुयारे खोदली. त्यांतल्या कुंडी भंडाऱ्याला शंभराच्या वर उभ्या कुंड्या आहेत, आणि त्या जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या आहेत. चारशे वर्षे झाली तरी त्यातून पाणी वाहते. पण आत उतरून पाहिले तर भिंतींवर चुन्याचे थरावर थर चढलेले, मूळचा मार्ग अरुंद झालेला. आम्हांस त्या रचनेचे कौतुक अशाकरिता वाटते की तीत माणूस उतरू शकतो, हात पोचतो, खरवडता येते. आपल्या सहा इंची बोअरला ही सोय नाही.

तिसरा चोर जिवंत आहे, आणि त्याची ओळख पटवण्यासाठी आपण शहरवासीयांनी एक काम करावे. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांनी संडासाच्या फ्लशच्या टाकीचे झाकण उघडून आत बोट फिरवावे. तांबूस, बुळबुळीत शेवाळासारखा थर हाताला लागला तर आपल्या बोअरमध्ये लोहजिवाणूंची वस्ती आहे असा संशय घ्यावा. विरघळलेल्या लोहावर हे सूक्ष्म जीव पोसतात आणि गंजाच्या रंगाची चिकट जाळी विणत जातात. फटींवर ती बसली की त्यातच वाळू आणि चुनाही अडकतो आणि तिघांचे मिळून एक लुकण तयार होते. माणसाला ते सहसा रोग देत नाहीत. विहिरीला मात्र देतात. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने १८७० मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या विहिरींत अशा एका धाग्यासारख्या जीवाचे वर्णन केले. पुढे १८७७ मध्ये बर्लिन शहराने टेगेल येथे विहिरी खणून मोठा पाणीपुरवठा सुरू केला, आणि थोड्याच वर्षांत लोह आणि हे धागे यांनी असा उच्छाद मांडला की त्या विहिरी सोडून सरोवराचे पाणी घ्यावे लागले. बर्लिनसारख्या राजधानीची ही गत, तर आपल्या गल्लीतली एक बोअर आपण तपासावी यात कमीपणा नाही. हे जीव पुष्कळदा एका विहिरीतून दुसरीत जातात ते दुरुस्तीवाल्याच्या पाइपांबरोबर. मोटार काढणाऱ्याला सामान ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायला सांगावे. तो हसेल, पण सांगावे.

खारपाणपट्ट्याकडे आणखी एक गोष्ट घडते, ती या तिघांच्या उलट आहे. खारे पाणी लोखंडी केसिंग खाते. भोक पडले की वाळू शिरते, आणि वरच्या थरातले खारे पाणी खालच्या गोड्यात उतरू लागते. पाण्याची चव एकाएकी बदलली तर आधी केसिंगचा संशय घ्यावा.

उपचार चोराप्रमाणे. गाळाला फ्लशिंग आणि घुसळणी. चुन्याला आम्ल, त्यातही सल्फॅमिक आम्लाची पूड हाताळायला त्यातल्या त्यात बरी. जिवाणूंना क्लोरीन, पण पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंगचा जो हिशेब आपण करतो तो येथे पुरत नाही, पुष्कळ पटींनी जास्त लागते, घुसळावे लागते, रात्रभर ठेवून मग सारे पाणी उपसून फेकावे लागते. ताकद पाव हिश्शाने घटली की उपचार करावा. अर्धी गेल्यावर केला तर ती पूर्ण परत येईलच असे नाही.

येथे आवाज थोडा चढवतो. आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो माणूस मारतो. आम्ल आणि चुना यांतून निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तो विहिरीत तळाशी साचून राहतो. उघड्या विहिरीत माणूस असताना आम्ल ओतणे म्हणजे खून आहे. आम्ल न घालताही वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीच्या तळाशी अशीच हवा असते. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरलेला एक, त्याला काढायला उतरलेला दुसरा, त्या दोघांना काढायला तिसरा, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि विसरतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे. तो विझला तर उतरूच नये. पण न विझला म्हणून सारे ठीक असेही नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्याच्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. पंख्याने किंवा कॉम्प्रेसरने आत हवा सोडावी, कमरेला दोर बांधावा, दोर धरणारे दोघे वर असावेत. आणि माणूस खाली कोसळलाच, तर मागोमाग उडी घालू नये, दोराने ओढावे. गाळ काढणारा मजूर रोजंदारीवर आलेला असतो, तो नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने मालकाने नाही म्हणायचे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मागून घेतला तिच्याकडे येतो. विहीर पुनर्भरण हा शब्द आज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, त्यानंतर तो घरोघरी पोचला. पावसाचे पाणी विहिरीत सोडा, भूमीची तिजोरी भरा. कल्पना उत्तम आहे. तिच्याविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही. पण आमच्याच घरी आम्ही काय केले ते सांगतो. छपराचे पाणी विहिरीत सोडले, ते ठीक होते. उत्साहाच्या भरात अंगणाचे सोडले, आणि मग शेजारच्या शेताच्या बांधावरून येणारे लाल-काळे पाणीही चर काढून आत घेतले. विहीर तीन पावसांत तुडुंब झाली. लोक पाहायला आले, आम्ही फोटो काढून घेतले. दिवाळीनंतर पाणी उतरले, आणि पुढच्या वैशाखात कळले की तळाशी दोन फूट मऊ चिखल बसला आहे आणि उत्तरेकडचा जो झरा आजोबांच्या काळापासून वाहत होता तो मुका झाला आहे. चिखल काढला. झरा अजून पूर्वीसारखा वाहत नाही.

काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात. ते झऱ्यात उलटे ढकलले गेले म्हणजे उपशाने सहसा बाहेर येत नाहीत. खारपाणपट्ट्याच्या बाजूला तर आणखी पेच आहे. तेथल्या चिकणमातीत सोडियम फार. तिच्या सभोवती खारे पाणी असते तोवर कण एकमेकांना धरून बसतात. वरून पावसाचे गोडे पाणी आले की ते फुगतात, सुटतात, आणि जाऊन छिद्रांत बसतात. म्हणजे निर्मळ पाणीसुद्धा तेथे दार बंद करू शकते. आणि कपाशीच्या शेतातून वाहत आलेल्या पाण्यात फवारणीचे औषध आणि युरिया असतो. ते पाणी पिण्याच्या विहिरीत सोडणे याला पुनर्भरण म्हणता येत नाही.

मग करावे काय? विहिरीच्या आधी एक खड्डा, त्यात पाणी थांबून जड गाळ बसेल. मग दुसरा, त्यात तळाला दगडगोटे, वर खडी, वर जाड वाळू. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून द्यायचे. दरसाल पावसाळ्यापूर्वी वाळूचा वरचा थर खरवडून बदलायचा. हे झाले नाही तर सारी रचना दोन वर्षांत निकामी होते. आत सोडणारा पाइप पाण्याच्या पातळीखाली न्यायचा, कारण उंचावरून पडणारे पाणी हवेचे बुडबुडे घेऊन जाते आणि ते बुडबुडेही छिद्रे अडवतात. अधूनमधून मोटार लावून उलटे उपसायचे, म्हणजे बसू पाहणारा गाळ परत येतो. आणि पाणी सोडण्याआधी एक काचेची बाटली त्याने भरून रात्रभर ठेवायची. सकाळी बाटली गढूळच असेल, तर ते पाणी विहिरीचे नाही. ते शेताच्या बांधात, पाझर तलावात मुरू द्यावे.

ही चर्चा आता एका शेताची राहिलेली नाही. १९९०च्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले. यावलचा भाग आपल्यासारखाच सातपुड्याच्या पायथ्याचा. आणि १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याला नेऊन मुरवायचे, असा तिचा आशय आहे, आणि आपला जिल्हा तिच्या आशेत आहे. पुराचे पाणी म्हणजे गढूळ पाणी. ते कोठे थांबणार, कशातून गाळले जाणार, साचलेला गाळ दरवर्षी कोण काढणार आणि त्याचे पैसे कोणाच्या खात्यातून येणार, हे प्रश्न आपल्या गावच्या लोकांनी योजना कागदावर आहे तोवर विचारले पाहिजेत. दगडगोट्यांचा हा पट्टा सातपुड्याने हजारो वर्षांत तयार केला. त्याची छिद्रे बुजली तर ती उघडायला फ्लशिंगची गाडी पुरणार नाही.

व्याख्यानापूर्वी एका गृहस्थांनी आमच्या हाती चिठ्ठी दिली आहे. घरामागे साठ फुटांची दगडी विहीर आहे, तीन वर्षांपासून पाणी नाही, मुलगा म्हणतो बुजवून त्यावर गाडी ठेवायला शेड करू, काय करावे? उत्तर असे. उद्या तेथे कोणालाही उतरवू नका. शेजारच्या दोन विहिरींत पाणी किती खोल आहे ते दोरीने मोजा. त्यांत पाणी साठ फुटांच्या वर असेल, तर तुमची विहीर आटलेली नाही, तळाचा गाळ काढायचा आहे. पाणी साठांच्या खाली असेल, तर पावसाळ्याची वाट पाहा आणि आश्विनात पुन्हा मोजा; छपराचे गाळलेले पाणी तिला द्या. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा आणि वही मुलाच्या हाती द्या. तोपर्यंत काठावर मजबूत जाळी बसवा, आणि गाडी रस्त्यावरच राहू द्या.